झाकलेला आकडा

घरात तिला तोफ म्हणत आणि कॉलेजात मावशी. तोफ हे नाव वडिलांनी ठेवलेलं, कारण पाळण्यात असल्यापासून तिचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाई. मावशी हे नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलं. ती विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला आली तेव्हा तिची तिशी उलटली होती आणि पहिल्याच दिवशी दारातल्या एका मुलाने तिला म्हटलं होतं, "मावशी, जरा फळा पुसता का?" तिने फळा पुसला, डस्टर त्याच्या हातात दिलं आणि त्याच्याच शेजारच्या बाकावर जाऊन बसली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

रागाची म्हणाल तर तिच्याकडे कधीच ददात नव्हती. पुस्तकात 'हे सहज दिसून येईल की' असं छापलेलं दिसलं की ती समासात पेन्सिलीने लिही, 'कोणाला?' आणि मग ते सहज दिसणारं काढत दोन-दोन दिवस बसे. उष्णतेचे सर म्हणाले, "हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल," तेव्हा ती भर वर्गात म्हणाली, "शाळा सुटून जमाना झाला, सर. तुम्हीच शिकवा." सरांनी मुकाट्याने शिकवलं. तास संपल्यावर दोघं-तिघं हळूच येऊन सांगून गेले, मावशी, बरं केलंत, आम्हालाही येत नव्हतं. त्याचाही तिला रागच आला. येत नव्हतं तर तोंडं शिवली होती का तुमची?

या रागाचं मूळ जुनं होतं. अठराव्या वर्षी तिला याच विभागात प्रवेश मिळाला होता आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे अंधाऱ्या खोलीत काचा घासायचं यंत्र. काउंटरवर दादा बसला. यंत्रावर कोणीतरी हवं होतं. दादा माणूस वाईट नव्हे, तेव्हाही नव्हता. तो एवढंच म्हणाला, "अगं, तुला ते गणित झेपायचं नाही. वर्षभरात तोंड पाडून परत येशील. त्यापेक्षा आत्ताच बस की." आईने मान डोलावली आणि तोफ यंत्रावर बसली. पुढची चौदा वर्षं तिने जगाच्या काचा घासल्या, आणि दुकानावरून कॉलेजची बस गेली की ती मान वर करत नसे.

मग एका वर्षी कोणाला न विचारता तिने प्रवेश परीक्षा दिली आणि पास झाली. "या वयात?" दादा म्हणाला. "तारे मोजून कोणाचं पोट भरलंय?" वहिनी म्हणाली, "जाऊ द्या हो, चार दिवसांचं खूळ आहे." ते खूळ आता शेवटच्या वर्षाला येऊन पोचलं होतं. यंत्र, गती, वीज, चुंबक सगळं पार करून ती ज्यासाठी आली होती त्या विषयात शिरली होती: तारे, आकाशगंगा, आणि हे सगळं विश्व कुठून आलं आणि किती वेगाने फुगत चाललंय ते. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन दुकान काढत होता. तिथे काउंटरवर तोफेने बसायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. त्यातून सुटायचा एकच रस्ता होता. मॅडमच्या गटात पुढच्या वर्षी संशोधनाची एक जागा होती आणि ती शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर मिळणार होती. प्रकल्प चांगला झाला तर जागा, नाही तर काउंटर.

मॅडम म्हणजे खगोल शिकवणाऱ्या बाई. बुटक्या, शांत, आवाज एवढा हळू की पहिल्या बाकावर बसावं लागे. तोफ पहिल्याच बाकावर बसे. मॅडमच्या प्रकल्पाची एक रीत होती आणि ती ऐकल्यावर नवीन पोरांना हसू येई. प्रकल्प असा: दूरदूरच्या आकाशगंगांमध्ये तारे मरताना फुटतात. त्या स्फोटाचं खरं तेज साधारण ठाऊक असतं, म्हणून तो आपल्याला किती मंद दिसतो यावरून तो किती लांब आहे ते काढायचं. रस्त्यावरच्या दिव्याचं काढता येतं तसंच. मधली धूळ प्रकाश खाते, म्हणून धुळीची वजाबाकी करायची. मग ती आकाशगंगा किती वेगाने लांब जातेय ते बघायचं आणि दोन्ही मिळून विश्व किती वेगाने फुगतंय ते सांगायचं.

गोम अशी की उत्तर पुस्तकात आहे. ते सगळ्यांना माहीत असतं, आणि माहीत असलेल्या उत्तराकडे माणसाचा हात आपोआप सरकतो. म्हणून मॅडम प्रत्येकाला तारे द्यायच्या आधी त्यांच्या तेजात गुपचूप एक आकडा मिसळून देत. त्यामुळे उत्तर वेडंवाकडंच येई आणि बरोबर आलं की चूक ते कोणालाच कळत नसे. काम पूर्ण झालं की सगळ्यांसमोर 'तयार' म्हणायचं. मग मॅडम आकडा काढून घेणार, आणि जे उत्तर उघडं पडेल ते पडेल. त्यानंतर एक टिंबही बदलायचं नाही. आणि कोणाला आकडा आधी कळलाच, तर त्याने येऊन सांगायचं. त्याचं काम रद्द.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," पोरं म्हणत आणि हसत. तोफ हसली नाही. तिला ही रीत फार आवडली. अख्ख्या विद्यापीठात तिला न चिडवणारी ही एकच गोष्ट होती.

तिच्याच गठ्ठ्यातले तारे, त्याच मिसळलेल्या आकड्यासकट, आणखी एकाला मिळाले होते. त्याला सगळे टॉपर म्हणत. गुणी पोरगा. दर वर्षी पहिला, बोलायला गोड, स्वतःची बिस्किटं सगळ्यांना वाटणारा. तळमजल्यावरच्या संगणकांच्या खोलीत दोघं शेजारी बसत. खोलीला खिडकी होती, पण तिला बाहेरून कपाट टेकवलेलं होतं, आणि एकमेव धड खुर्चीवरून रोज भांडण व्हायचं, ते रोज तोफ जिंकायची.

मूठ उघडायच्या आदल्या आठवड्यात, दुपारी, टॉपरने खुर्ची मागे रेलली आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही उगाच घाम गाळताय. तो जवळचा तारा आहे ना यादीत, सगळ्या पुस्तकांत असतो तो? त्याचं पुस्तकातलं तेज बघा, मॅडमनी दिलेलं बघा आणि करा वजाबाकी. आकडा निघतोय." आणि तिने हात वर करायच्या आत त्याने तो आकडा सांगून टाकला. पावभाजीवाल्याचा पत्ता सांगावा इतक्या सहजपणे.

तोफ उभी राहिली. तिची खुर्ची मागे भिंतीवर आदळली.

"का सांगितलास?"

"मदत म्हणून—"

"मागितली होती मदत? मी मागितली होती? तोंडाला झाकण नाही का तुझ्या?"

"मावशी, एक आकडा तर आहे! विसरून जा."

"विसरून दाखव तू! दाखव आत्ता विसरून!"

शेजारच्या प्रयोगशाळेतून दोघं धावत आले, आग लागली की काय म्हणून. टॉपर पांढराफटक. त्याला खरोखरच कळत नव्हतं आपण काय केलं ते, आणि तोफेला सर्वांत जास्त संताप त्याचाच आला.

घरी ती जेवली नाही. आई म्हणाली, "कोणी काही बोललं का?"

"आकडा बोलला."

"शिवी दिली?"

"आई, आकडा! नुसता आकडा!"

"मग आकडा ऐकून कोणी उपाशी बसतं का?" वहिनी म्हणाली.

तोफेने ताट सरकवलं. "बाबांनी दुकानातल्या अक्षरांच्या पाटीला पडदा का लावला होता, आठवतंय? तो बसवाला परवान्यासाठी डोळे तपासायला आला होता. आधीचं गिऱ्हाईक मोठ्याने वाचत होतं ते ऐकून सगळी पाटी पाठ करून बसला. शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. बाबा म्हणाले, डोळे उत्तम. आणि जाताना तो काचेच्या दारावर आपटला."

आईला हसू आलं, कारण ते तिलाही आठवत होतं. "मग?"

"मग आता मी तो बसवाला आहे. मला दिसतंय की पाठ आहे, हेच मला कळणार नाही."

आई हसायची थांबली. दादा मात्र कोशिंबीर वाढून घेत म्हणाला, "कोणाला कळणार आहे? गप्प बस आणि पास हो." टॉपरही दुसऱ्या दिवशी अगदी हेच म्हणाला. जगातले सगळे शहाणे एकाच शाळेत शिकलेले असावेत.

तिने ठरवलं की आकड्याकडे बघायचंच नाही. पण डोकं काही विचारून चालत नाही. जिना उतरता उतरता त्याने वजाबाकी करून टाकली होती. टॉपरचा आकडा खरा धरला तर तिचं विश्व फारच रेंगाळत फुगत होतं, पुस्तकातल्यापेक्षा कितीतरी मंद. म्हणजे आपलं कुठेतरी चुकलंय! तिने शोधायला सुरुवात केली, आणि शोधलं की सापडतंच. धूळ! तिने धूळ कमी धरली होती. अर्धे तारे तांबूस दिसत होते, तांबूस म्हणजे मध्ये जास्त धूळ. जास्त धूळ धरली की तारे जवळ आले, तारे जवळ आले की विश्वाचा वेग वाढला आणि उत्तर अगदी पुस्तकाच्या उत्तराशेजारी येऊन बसलं. सगळं इतकं चपखल जुळलं की तिला आनंदाने टाळी वाजवावीशी वाटली. चौदा वर्षं धूळ पुसली, मला धूळ कळणार नाही?

टाळी वाजली नाही. त्या हातानेच तिने टेबलावर गुद्दा मारला.

धूळ खोटी होती असं तिला मुळीच वाटत नव्हतं. धूळ खरी आहे, हे ती कोणाच्याही तोंडावर सांगू शकली असती. पण आकडा ऐकला नसता तर ती धुळीकडे परत बघायला गेली असती का? नसती गेली. आणि आता ते कधीच, कोणत्याही उपायाने कळणार नव्हतं. माझ्या कामात त्या मेल्याने बोट घातलं, आणि आता माझं कुठलं नि त्याचं कुठलं हे मलाच सांगता येईना!

ती टॉपरला म्हणाली, "चल, दोघं मिळून सांगू."

"मावशी, वेड लागलंय का? जागा जाईल."

"जाऊ दे."

"तुमची जाऊ दे," तो गोडच आवाजात म्हणाला.

मॅडमच्या खोलीत ती न ठोकता शिरली. "मला आकडा कळलाय."

मॅडमनी चष्मा काढला. "कोणाकडून?"

"माझं तोंड मोठं आहे, मॅडम, पण मी चहाड्या करत नाही."

"बरं. आकडा ऐकायच्या आधीचं काम ठेवलंय?"

"ते ठेवलंय. नंतर धूळ बदलली, तेही ठेवलंय. धूळ बरोबर आहे, तुम्ही तपासा."

"दोन्ही देऊन जा. काम रद्द."

तोफेला हे ठाऊक होतं. तरी तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे खरं बोलणारीचं रद्द, आणि गप्प बसणारा उद्या मिरवणार?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

एवढंच. समजूत नाही, कौतुक नाही, पाठीवर हात नाही. तोफेने दार असं आपटलं की बाहेरच्या फलकावरच्या टाचण्या पडल्या. मग तिनेच त्या उचलून परत लावल्या, शिव्या घालत.

मूठ उघडायच्या दिवशी ती गेली नसती तरी चाललं असतं. पण ती गेली, शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून बसली. पडद्यावर एकेकाचा आलेख. एक अबोल मुलगी होती, जिचा आवाज वर्षभरात कोणी ऐकला नव्हता. तिचं उत्तर थोडं हुकलं. ती तशीच म्हणाली, "हुकलं," आणि खाली बसली. मग टॉपर उठला, शर्ट नीट करून म्हणाला, "तयार."

मॅडमनी कळ दाबली. आलेख सरकला, आणि भलतीकडेच जाऊन थांबला. त्याखाली विश्वाचं वय आपोआप येई. त्याच्या विश्वाचं वय त्यातल्याच सर्वांत म्हाताऱ्या ताऱ्यांपेक्षा कमी निघालं.

"वा!" उष्णतेचे सर म्हणाले. "आईपेक्षा लेकरं थोरली."

सगळी खोली हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "यादीत एक जवळचा तारा सरावासाठी दिलेला असतो. तो हिशोबात घ्यायचा नसतो. तो सगळ्या पुस्तकांत आहे, म्हणून त्याच्यात मी वेगळा आकडा मिसळते. दर वर्षी कोणीतरी तिथे जाऊन वजाबाकी करतंच." मग टॉपरला विचारलं, "धूळ वाढवलीत ना?"

टॉपरने मान खाली घातली. हसण्याचा खरा हक्क तोफेचा होता, पण तिला तो प्रश्नच पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. धूळ वाढवलीत ना. तिनेही वाढवली होती.

सगळे गेल्यावर ती पुढे गेली. "माझं उघडा."

"तुमचं रद्द आहे. मोजलं जाणार नाही."

"नका मोजू. उघडा."

मॅडमनी दोन्ही उघडली. आकडा ऐकायच्या आधीचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या अगदी जवळ येऊन थांबलं. नंतरचं, धूळ वाढवलेलं, टॉपरच्या आलेखावर जाऊन तंतोतंत बसलं. त्याच्या विश्वात लेकरं थोरली, तिच्याही विश्वात लेकरं थोरली.

"धूळ तुम्ही आधी धरली होती तेवढीच होती," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही सापळा लावलात!"

"दार उघडं दिसलं म्हणून आत शिरावं असं मी कुठे सांगितलं होतं?"

"मी नाही शिरले! मला ढकललं!"

"म्हणून तर दोन्ही ठेवून घेतली होती." मॅडमनी संगणक बंद केला. "जागा त्या मुलीला जाईल. तिचं हुकलं, पण तिचं स्वतःचं हुकलं. तुम्हाला पुढच्या वर्षी नवे तारे देईन. यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

कॉलेज ते दुकान हे अंतर तोफ चालत आली. टॉपरवरचा राग कधीच मागे पडला होता. मॅडमवरचा चौकापर्यंत पुरला. उरला तो स्वतःवरचा. हातात बरोबर उत्तर होतं. कोणी न सांगता, आपलं आपण काढलेलं. एका गोड पोराने कानात भलतंच सांगितलं, आणि तिने स्वतःच्या हाताने, आनंदाने, बरोबर मोडून चूक केलं. वर त्या चुकीसाठी ती वाटेल त्याच्याशी भांडली असती. भांडून जिंकलीही असती, हे सगळ्यांत वाईट.

दुकानात दादा, आई, वहिनी तिघंही होती. नव्या दुकानाची किल्ली तिच्यासाठी काउंटरवर ठेवलेली होती.

"काय झालं?" आईने विचारलं.

"रद्द झालं. परत एक वर्ष."

दादाने सुस्कारा सोडला. त्यात कुजकेपणा नव्हता, काळजीच होती. "मी तुला आधीच सांगितलं होतं—"

नेहमीची तोफ तिथेच धडाडली असती. ती गप्प उभी राहिली आणि वहिनी घाबरून स्टुलावरून उठली.

"हो," तोफ म्हणाली. "तू आधीच सांगितलं होतंस, दादा. गणित झेपायचं नाही म्हणालास. मी अठरा वर्षांची होते. गणित पुढ्यात घेऊनसुद्धा बघितलं नाही मी. तुझं उत्तर ऐकलं आणि चौदा वर्षं सगळं त्याला जुळवत बसले. आणि काय सुरेख जुळलं! कोणी विचारलं असतं तर मीच शपथेवर सांगितलं असतं, की मला झेपणार नाही."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी—"

"तोही भल्यासाठीच सांगत होता!" आणि आता आवाज चढला, तो पाळण्यातला आवाज, रस्त्याच्या टोकापर्यंत जाणारा. "यापुढे या घरात माझं उत्तर मला कोणी आधी सांगायचं नाही! चुकेन तर माझं मी चुकेन! कळलं?"

समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघू लागले. आईने दादाकडे पाहिलं, मग तोफेकडे, आणि या वेळी मान डोलावली नाही.

तोफ मागच्या खोलीत गेली, कारण एका गिऱ्हाइकाच्या काचा संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. दादाने काउंटरवरची किल्ली उचलली आणि खिशात टाकली.